प्रबंध कपाटातून मंत्रालयात कसा जातो?

समाजकार्यात पीएच.डी. करताना किशोरवयीनांवर केलेल्या अभ्यासाने सरकारी धोरण बदलते, की प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात पडतो, असे आपण विचारले आहे. बहुतेक प्रबंध धूळच खातात, आणि त्याचा सगळा दोष शासनाला देता येत नाही.

शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पाहा. किशोरींमध्ये रक्तक्षय आहे हे सर्वांना ठाऊकच होते. ते पुन्हा सिद्ध करणाऱ्या आणखी दहा अभ्यासांनी काही हलले नसते. अडचण अशी होती की रोज गोळी देणे शाळांना जमणारे नव्हते, म्हणून आठवड्यातून एकदा शिक्षकांसमोर दिलेली गोळी पुरते का, हे कोणीतरी तपासणे गरजेचे होते. बडोदा जिल्ह्यातील शाळांत ते तपासले गेले आणि सुमारे दीड वर्षात रक्तक्षयाचे प्रमाण ७५ टक्क्यांच्या आसपासवरून ५३ पर्यंत उतरले. पुढे, २०१२-१३च्या सुमारास, साप्ताहिक गोळीचा कार्यक्रम मुलामुलींसाठी देशभर आला. मात्रा, वार आणि गोळी देणारा माणूस या तिन्हींचे उत्तर संशोधनात तयार होते.

आकडे असूनही गाडी अडते, हेही खरे. २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत पन्नास हजारांवर तरुण-तरुणींची पाहणी झाली आणि त्यांच्या लैंगिक आरोग्याबाबतच्या अज्ञानाची नोंद झाली. त्याच सुमारास, २००७ मध्ये, आपल्याच राज्याने शाळांतील लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. २०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात लैंगिक आरोग्याबरोबर मानसिक आरोग्य, हिंसा आणि व्यसने यांना स्थान मिळाले. त्याचे श्रेय एकट्या पाहणीला देणे धाडसाचे ठरेल. मात्र विषय टेबलावर राहिला, तो अशा आकड्यांमुळे.

म्हणून प्रश्नावली पक्की करण्याआधीच ती जिल्हा परिषदेच्या आरोग्य किंवा शिक्षणाधिकाऱ्यांना दाखवावी आणि त्यांना कोणता निर्णय घ्यायचा आहे ते विचारावे. निष्कर्ष तालुकानिहाय मांडावेत. हिवाळी अधिवेशनासाठी डिसेंबरात मंत्रालयच नागपुरात उतरते. मात्र तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात ते, आमदारांना बरेच आधी द्यावे लागतात, तेव्हा त्यांच्या हाती दोन पानी मराठी टिपण दिवाळीपूर्वीच पडायला हवे.