वाचकांचे प्रश्न : मोठ्या मापाची प्रतिकृती-इंजिने आणि कोकणची हवा

प्रश्न : माझ्या मामांनी दिलेले, ४५ मिलिमीटर रुळांवर चालणारे एलजीबी या जर्मन खेळण्यातल्या रेल्वेचे विजेवरचे इंजिन आमच्या पडवीत पाच वर्षे उत्तम धावले, यंदा मात्र ते अडखळू लागले आहे. एका चित्रफितीत प्रत्येक फिरत्या भागाला भरपूर तेल द्यायला सांगितले आहे, तर दुसरीत तेल मुळीच नको असे बजावले आहे. सोबतची पुस्तिका परभाषेत आहे. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, मालवण)

उत्तर : या दोन्ही चित्रफिती बहुधा इंजिनाच्या वेगवेगळ्या भागांबद्दल बोलत असाव्यात, आणि नेमका भाग कोणता हे सांगण्याचे काम पुस्तिकेचे आहे. परभाषेतली असली तरी तिच्यात भाग सुटे करून दाखवलेली आकृती असते आणि ती वाचायला भाषा लागत नाही. तीत वंगणाच्या जागा खुणेने दाखवलेल्या असतील, तर तेवढ्याच जागी वंगण द्यावे. सर्वसाधारणपणे आसांच्या टेकूंना व जोडदांड्यांच्या खिळ्यांना सुईच्या टोकावर मावेल एवढा तेलाचा थेंब पुरतो आणि मोटरच्या वर्म गिअरला (मळसूत्रासारख्या दातेरी दांड्याला) प्लॅस्टिकला अपाय न करणारे ग्रीस लागते. चाकांचा रुळावर टेकणारा भाग, वीज घेणारे घसरपट्टे आणि चाकावरची रबरी कडी यांना मात्र तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. तेलाने तेथे वीज अडते, पकड सुटते आणि रबर फुगते.

तथापि, आपले इंजिन अडखळते ते वंगणाअभावी असेल असे मला वाटत नाही. इंजिन मऊ कापडावर उलटे ठेवून नेहमीच्याच नियंत्रकाच्या दोन तारा थेट चाकांना लावून पाहाव्यात. ते सुरळीत फिरले तर दोष रुळांत आहे. अडखळले, तर चाकांवरचा काळा थर, झिजलेले घसरपट्टे आणि मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश या क्रमाने तपासावे. एलजीबीचे रूळ पितळी असतात आणि पडवीतल्या खाऱ्या वाऱ्याने त्यांवर मिठाचा पातळ थर बसतो. मीठ हवेतला ओलावा ओढून धरते, त्यामुळे पितळ लवकर काळवंडते. रूळ आधी स्वच्छ पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आणि ते वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. अल्कोहोलात मीठ नीट विरघळत नाही, म्हणून पाण्याचा हात आधी फिरवायचा.

या निमित्ताने एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. एलजीबी १९६८ साली न्यूरेम्बर्गच्या लेमान कारखान्यातून बाजारात आली. न्यूरेम्बर्ग समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा ठिकाणी लिहिलेल्या पुस्तिकेत देखभालीची मुदत इंजिन किती तास चालले यावर मोजलेली असते. आपल्याकडे मीठ आणि दमटपणा हे तास मोजत बसत नाहीत, कपाटात न हलता ठेवलेल्या इंजिनालाही ते सोडत नाहीत. कोकण रेल्वे पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक लावते, तसे ते आपणही लावावे. आगोटीची इतर कामे निघतात त्याच सुमारास इंजिन उघडून, पुसून, वंगण देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे आणि पाऊस उघडल्यावर पुन्हा एकदा तपासावे.

प्रश्न : ब्युटेन गॅसवर चालणारे खरे वाफेचे छोटे इंजिन मी नुकतेच घेतले आहे. पुस्तिकेत ऊर्ध्वपातित पाणी वापरा असे आहे. विहिरीचे किंवा बॅटरीचे पाणी चालेल का? शिवाय इंजिन चालवून झाल्यावर वंगणपात्रातून पांढरट पाणी निघते. हा बिघाड आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : विहिरीचे पाणी वापरू नये. त्यातले क्षार बॉयलरमध्ये साचतात, आणि किनाऱ्याजवळच्या विहिरींत त्यात मिठाची भर पडते. बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी पुष्कळदा ऊर्ध्वपातित नसून रासायनिक पद्धतीने क्षार काढलेले असते, आणि अशा पाण्यामुळे पितळी भागांतले जस्त झिजू शकते, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचूनच ते घ्यावे.

पांढरट पाणी हा बिघाड नाही, उलट वंगणपात्र काम करीत असल्याची ती खूण आहे. त्या पात्रात वाफेचे तेल भरलेले असते. बॉयलरकडून येणारी थोडी वाफ तेथे थंड होऊन तिचे पाणी होते, ते जड असल्याने तळाशी जाते आणि तेवढेच तेल वर ढकलले जाऊन वाफेबरोबर सिलिंडरात पोचते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर पात्रातले पाणी पिचकारीने काढून नवे तेल भरायचे. पात्रात पाणी निघाले नाही आणि तेलही तसेच राहिले, तर मात्र वाट तुंबली आहे असे समजावे. साधे मशीनचे तेल येथे चालत नाही. वाफेच्या उष्णतेत ते टिकत नाही.

हे पाणी काढण्याचे काम चित्रफितीत अर्ध्या मिनिटात उरकते, कारण बॉयलर निवून दाब पूर्ण उतरेपर्यंतचा वेळ संकलनात कापलेला असतो. दाब असताना वंगणपात्राचे किंवा बॉयलरचे झाकण सैल केले, तर उकळते पाणी आणि तेल थेट हातावर व तोंडावर उडते. चित्रफीत पाहून हाताची सवय जरूर करून घ्यावी, झाकण किती जोराने आवळायचे हे तिच्यातूनच कळते. पण किती थांबायचे, दाब किती चढू द्यायचा, पाणी किती भरायचे हे आकडे पुस्तिकेतूनच घ्यावेत. बॉयलर कोरडा असताना बर्नर कधीही पेटवू नये. पाणी आणि गॅस नेहमी बरोबरच भरावेत, कारण पाणी संपण्याआधी गॅस संपावा अशाच बेताने बहुतेक इंजिनांची गॅसटाकी ठरवलेली असते.

प्रश्न : आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळासाठी इंजिनाच्या देखभालीची मराठी चित्रफीत करायची आहे. काय काळजी घ्यावी? (एक निवृत्त शिक्षक, गुहागर)

उत्तर : आपल्या या संकल्पाचा मला मनापासून आनंद झाला, कारण मराठीत याची फार उणीव आहे. कॅमेरा काम करणाऱ्याच्या खांद्यामागून लावावा, म्हणजे पाहणाऱ्याला उजवे-डावे उलटे दिसणार नाही. स्क्रू काढताना प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर काढलेल्या इंजिनाच्या आकृतीत त्याच्याच जागी खोचून दाखवावा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवल्याने आतली तार चेपली जाते. जेथे थांबायचे असते तेथे किती मिनिटे थांबलो ते पडद्यावर लिहावे. आणि इंजिन पुन्हा जोडण्याचा भाग गाळू नये; बहुतेक चित्रफिती सगळे भाग टेबलावर मांडून झाले की एकदम धावत्या इंजिनावर येतात, आणि मुले नेमकी तेथेच अडतात.