नुसतं ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून कोणी उठून बसत नाही

प्रश्न : दादा, गेल्या मे महिन्यात हापूसची काढणी चालू असताना माझे मिस्टर कलमावरून पडले. मणका मोडला, मज्जारज्जूला मार लागला. कमरेखाली काहीच कळत नाही. मुंबईला ऑपरेशन झालं, आता घरी आहेत. पुन्हा चालण्याची आशा फार नाही, असं डॉक्टर म्हणाले. येणारे-जाणारे ‘पॉझिटिव्ह राहा’ सांगून जातात आणि हे भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. त्यांना उमेद कशी देऊ?
– एक भगिनी, गुहागर तालुका

उत्तर : ताई, मीही व्हीलचेअरवर बसूनच हे लिहितो आहे. मी माडावरून पडलो होतो. म्हणून आधी एक विनंती. हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा सध्या सोडा. पाय गेल्याचं दुःख होणारच, ते त्यांना करू द्या. आधी मनात उमेद आली आणि मग मी उठलो, असं माझं झालं नाही. आधी अंग सांभाळायला शिकलो, मग हाताला काम मिळालं, उमेद त्यामागून आली.

अंगात सगळ्यात आधी कातडी. संवेदना नसली की माकडहाड, खुबे, टाचा दबून जखम होते आणि पत्ताही लागत नाही. ती चिघळली तर महिनोन्‌महिने पालथं पडावं लागतं. मग कसली जिद्द आणि कसलं काय! रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. रोज आरशात बघायचं, आणि दाब काढल्यावरही लाल डाग जात नसेल तर त्या जागेवर भार द्यायचा नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, पण ओलसर चादर त्यांच्याखाली कधीच नको. उन्हात तापलेला चिरा, चुलीची धग, कढत पाणी, यातलं काहीही त्यांच्या पायांना कळणार नाही. हा आरसा मात्र तुम्ही धरू नका, त्यांच्याच हातात द्या. लघवीची नळीही ठरावीक वेळी स्वतः घालायला शिकता येते. त्यांच्या बाबतीत ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. लघवी गढूळ झाली किंवा ताप आला तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. ही कामं कुणाची वाट न पाहता करता येऊ लागली, तेव्हा मी पुन्हा लोकांच्या डोळ्याला डोळा देऊ लागलो.

मग घर. पडवीच्या पायऱ्यांवर गवंड्याकडून उतार करून घ्या. एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा, त्याहून चढा नको. अंगणात जायला दोन माणसांना हाक मारावी लागते तोवर माणूस खोलीतच राहतो.

आणि काम. मोहोर येऊ लागला आहे. तुडतुडे दिसले की फवारणी कधी घ्यायची, हे त्यांना अजूनही तितकंच कळतं. गडी विचारायला आला की त्याला त्यांच्याकडे पाठवा. काढणीच्या वेळी प्रतवारी, पेट्या भरणं, व्यापाऱ्याशी फोनवर भाव ठरवणं पडवीत बसून होतं. माझ्यासमोर लोक माझ्या बायकोला विचारायचे, “हे जेवले का?” पाय गेल्यापेक्षा ते जास्त लागायचं. तुमच्या घरी असं कोणी विचारलं तर ‘त्यांनाच विचारा’ म्हणा.

नसीमा हुरजूक यांच्याबद्दल त्यांना सांगा. ऐन तरुणपणी कमरेखालचं शरीर निकामी झालं, तरी १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ उभी केली. पुढे सिंधुदुर्गात संस्थेचा काजू प्रक्रियेचा प्रकल्प झाला, तिथे अपंग माणसं काम करतात. ‘बघा, त्यांनी केलं’ असा टोमणा मात्र मारू नका, सहज बोलण्यात येऊ द्या.

जेवण-झोप तुटली असेल किंवा ‘जगून काय करू’ असे शब्द येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) अजून काढलं नसेल तर त्यासाठी अर्ज करा.

शेवटचं तुमच्यासाठी. त्यांना एकटीनं उचलू नका, तुमची कंबर जाईल. रात्रीची एक-दोन वेळा कूस बदलायचं काम दिराकडे किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. तुम्हालाही सलग झोप हवी.