गावी आई-वडिलांसाठी डीडी फ्री डिश लावायची आहे, कोणता सेट-टॉप बॉक्स घेऊ?

बॉक्सचं उत्तर सोपं आहे: एमपीईजी-४ चा घ्या. एमपीईजी म्हणजे चित्र दाबून पाठवायची पद्धत; २ जुनी, ४ नवी. दुकानदार दोनशे रुपये स्वस्त म्हणून एमपीईजी-२ चा गळ्यात मारायला बघेल, तो घेऊ नका. फ्री डिशवर दोन्ही प्रकारच्या वाहिन्या आहेत. एमपीईजी-४ चा बॉक्स दोन्ही दाखवतो, जुना बॉक्स नव्या प्रकारच्या दाखवू शकत नाही.

पण तुम्ही प्रश्नात आणखी तीन गोष्टी लिहिल्या आहेत. घर रत्नागिरी जिल्ह्यात, मागे नारळ. टीव्ही गेल्या वर्षी घेतलेला. गच्चीवर बंद केलेल्या डीटीएचची छत्री पडून. खर्च किती येणार आणि पावसाळ्यात डोकेदुखी किती होणार, ते यावर ठरेल. म्हणून बॉक्स सगळ्यात शेवटी घ्या. कदाचित लागणारही नाही.

आधी टीव्हीच बघा. मेनूत चॅनेल स्कॅनला गेलात की अँटेना आणि केबलच्या जोडीला ‘सॅटेलाइट’ असा पर्याय दिसतो का? आणि मागे आट्यांचं, म्हणजे फिरवून बसवायचं, सॉकेट आहे का? दोन्ही असेल तर सॅटेलाइट ट्यूनर टीव्हीतच आहे. छत्रीची वायर थेट टीव्हीला लावायची, एलएनबीची (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल टिपणारा डबा) पॉवर ‘ऑन’ करायची आणि स्कॅन मारायचा. एक रिमोट कमी झाला की वडिलांची निम्मी कटकट मिटते.

मग आकाश. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५९ अंश वर येतो. छत्री मात्र तेवढी वर बघताना दिसणार नाही. घरगुती छत्री ऑफसेट असते, म्हणजे तिचा एलएनबी मध्यावर नसतो, खालच्या काठाकडून पुढे आलेला असतो. तिची खरी नजर तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. त्यामुळे समोरची भिंत आड येईल असं वाटणारी जागासुद्धा बऱ्याचदा चालून जाते. नारळाचं तसं नाही. झावळी आज बाजूला आहे, जुलैच्या वाऱ्यात मध्ये येणार आणि बातम्या ऐन रंगात असताना चित्राचे चौकोन होणार. आग्नेयेला माड असेल तर छत्रीचा कोपरा बदला. महागडा एलएनबी घेऊन झाड पारदर्शक होत नाही.

जुनी छत्री चालेल. ती धातूची वाटी आहे, तिला कंपनी कळत नाही. फक्त रोख बदलायचा. तुमची छत्री ज्या कंपनीची आहे तिचा उपग्रह ९५ अंशांवर असेल तर जेमतेम सरकवावी लागेल, ८३ किंवा १०८ वर असेल तर चांगलीच फिरवावी लागेल. त्या कंपनीचा बॉक्स मात्र विसरा, तो तिच्याच सेवेपुरता बांधलेला असतो. एलएनबीवर ९७५०/१०६०० असे आकडे असतील तर तो युनिव्हर्सल आहे, राहू द्या. नसतील तर दीड-दोनशेचा नवा लावा. सेटिंगमध्येही हेच आकडे निवडायचे; तिथे चुकून सी-बँड (मोठ्या छत्र्यांचा वेगळा लहरपट्टा) राहिला तर छत्री अचूक असूनही एक चॅनेल सापडत नाही.

जुनी गंजून पत्रा वाकला असेल तर नवी घ्या. एरवी साठ सेंटिमीटरची पुरते. कोकणातल्या पावसात मी नव्वदची घेईन, कारण केयू-बँडचा, म्हणजे फ्री डिश ज्या लहरपट्ट्यावर येते त्याचा, सिग्नल जोराच्या सरीत हमखास दबतो आणि मोठ्या छत्रीत थोडी शिल्लक राहते. पण ती वाराही तेवढाच धरते, तेव्हा चिऱ्याच्या भिंतीत न ठोकता काँक्रीटमध्ये बसवा आणि नट-बोल्टना ग्रीस लावा. खारी हवा कुणाला सोडत नाही.

छत्री लावताना स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी एलएनबीला वीज मिळाली की वर जाते, छत्री भलतीकडे असली तरी! तिच्यावर खूश होऊ नका. ‘क्वालिटी’ बघा. बोटभर सरकवा, दोन-तीन सेकंद थांबा, मग पुन्हा सरकवा. घाईत फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो.

वायर आरजी-६ या प्रकारची कोॲक्सियल (मधे तार, भोवती जाळी) घ्या. कनेक्टर बसवताना बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तारेला टेकता कामा नये. टेकला की शॉर्ट होऊन एलएनबीची वीज जाते. छत्रीकडच्या कनेक्टरवर रबराची टोपी घाला, आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. पुढेमागे दुसरा टीव्ही जोडायचा असेल तर ट्विन, म्हणजे दोन तोंडांचा, एलएनबी घ्या आणि दोन स्वतंत्र वायरी ओढा.

सगळं नवं घेतलंत तरी दोन हजारांच्या आसपास काम होतं आणि पुढे दरमहा काही नाही. वाहिन्यांची यादी मात्र बदलत राहते. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये मोठ्या समूहांनी आपल्या हिंदी मालिकांच्या वाहिन्या काढून घेतल्या होत्या. त्यामुळे अधूनमधून, विशेषतः एप्रिलमध्ये, पुन्हा स्कॅन करायला आईला शिकवून ठेवा. सह्याद्री वाहिनी मिळते. झी मराठी, स्टार प्रवाह मिळत नाहीत. आईची संध्याकाळची मालिका त्यांतली असेल, तर छत्री लावण्याआधीच तिला विचारून घ्या.