वेस्टर्न स्विंगला कंट्री म्हणायचं की जॅझ? आणि ‘अस्लीप ॲट द व्हील’ हा बँड ते खरंच पुन्हा उभं करतोय, की जुन्याची नक्कल करतोय?

मी बरीच वर्षं टेक्ससमध्ये राहतो. लहानपणी व्हायोलिन शिकलो होतो, आणि तुम्ही विचारलेल्या बँडला समोर बसून ऐकलंय. तेवढ्या भांडवलावर उत्तर देतो.

वेस्टर्न स्विंग म्हणजे फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) बँडमध्ये ब्लूज आणि जॅझ मिसळून १९३०च्या दशकात टेक्सस-ओक्लाहोमात घडलेलं संगीत. ते कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण संगीत, की जॅझ, हा प्रश्न रेकॉर्ड विकणाऱ्यांना पडतो, कारण त्यांना ती कुठल्या फडताळात ठेवायची ते ठरवायचं असतं. वाजवणाऱ्यांना तो फारसा पडला नाही. त्यांच्या लेखी हे नाचाचं संगीत होतं. शनिवारी रात्री हॉलमध्ये जमलेले लोक नाचायचे थांबता कामा नयेत, एवढा एकच नियम. त्यासाठी कृष्णवर्णीयांचा ब्लूज लागला तर ब्लूज, युरोपातला पोल्का लागला तर पोल्का, काउंट बेसी या जॅझ बँडवाल्याची चाल लागली तर तीही. ही गोष्ट लक्षात ठेवली की यात ड्रम का आले, गिटारला वीज का जोडली गेली आणि १९५० नंतर हे सगळं का आटलं, ते आपोआप उलगडतं.

या संगीतातलं सगळ्यात मोठं नाव बॉब विल्स. जन्म १९०५चा, टेक्ससमधल्या कोसी गावाजवळचा. घरची कापसाची शेती, आणि घरात फिडल वाजवणाऱ्यांची परंपरा. त्या भागात नाच रँचवरच्या घरांतच व्हायचे. खोलीतलं सामान बाहेर काढायचं, एका कोपऱ्यात फिडल आणि गिटार, आणि पहाटेपर्यंत नाच. विल्स पोरवयातच अशा नाचांना वाजवू लागला. दुसरीकडे कापसाच्या रानात बरोबर राबणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांची गाणी कानावर पडत होती. बेसी स्मिथ या ब्लूज गायिकेला ऐकायला आपण घोड्यावरून पन्नास मैल गेलो होतो, असं तो पुढे सांगायचा. मधल्या काळात त्याने न्हाव्याचं कामही केलं.

१९२९मध्ये तो फोर्ट वर्थला आला आणि पुढच्या वर्षी त्याची गाठ मिल्टन ब्राउन या गायकाशी पडली. १९३१मध्ये या मंडळींना रेडिओवर काम मिळालं, पिठाच्या जाहिरातीचं. बरस मिलच्या ‘लाइट क्रस्ट’ पिठावरून बँडचं नाव पडलं ‘लाइट क्रस्ट डोबॉइज’. मिलचा मॅनेजर होता डब्ल्यू. ली ओडॅनियल. त्याला हे गावठी संगीत मुळीच आवडलं नाही आणि त्याने दोनच आठवड्यांत कार्यक्रम बंद केला. श्रोत्यांनी गलका केल्यावर तो पुन्हा सुरू करावा लागला. मग मात्र या गृहस्थाला रेडिओची ताकद इतकी कळली की तो स्वतःच माइकसमोर निवेदनाला उभा राहिला, आणि त्याच प्रसिद्धीवर पुढे टेक्ससचा गव्हर्नर झाला. थापा मारतोय असं वाटेल, पण हे खरं आहे.

ओडॅनियलने बँडला नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायला मनाई केली. रेडिओवर वाजवा, पीठ विका, बास. मिल्टन ब्राउन १९३२मध्ये बाहेर पडला तो या मनाईमुळे. त्याने ‘म्युझिकल ब्राउनीज’ काढला आणि फोर्ट वर्थजवळच्या क्रिस्टल स्प्रिंग्ज या नाचाच्या हॉलमध्ये जम बसवला. फिडल, गिटार, बँजो यांच्या जोडीला पियानो आणि डबल बास आले. फिडलवर आला सेसिल ब्राउअर, शास्त्रीय शिक्षण घेतलेला आणि जॅझची उपज करणारा.

माझ्या मते सगळ्यात मोठी उडी इथेच पडली, आणि ती बॉब डन या माणसाने मारली. तो स्टील गिटार वाजवायचा. हात पालथा ठेवून, धातूची कांडी तारांवरून सरकवत वाजवतात ती. वाद्य मूळचं हवाई बेटांवरचं. आपल्याकडे व्हॅन शिप्लींनी जिच्यावर हिंदी सिनेमाची गाणी वाजवली ती ‘हवाईयन गिटार’ याच कुळातली. भरलेल्या हॉलमध्ये, शेकडो बुटांच्या आवाजात या बिचारीचा सूर पोचणार कसा? डनने गिटारला पिकअप (तारांची थरथर विजेच्या लहरीत बदलणारं यंत्र) लावला आणि ती ॲम्प्लिफायरला जोडली. जानेवारी १९३५मध्ये ब्राउनीजनी शिकागोला डेका कंपनीसाठी रेकॉर्डिंग केलं. कंट्री म्हणवल्या जाणाऱ्या संगीतात विजेवर चालणारी गिटार रेकॉर्ड झाली ती तेव्हा पहिल्यांदा. ऐकून बघा. हवाईचं ते लाडिक, लांबत जाणारं मींडकाम यात जवळजवळ नाहीच. डन ट्रॉम्बोनसारखे तुटक, आडवे तुकडे फेकतो. आजही थोडं बावचळायला होतं.

१९३६च्या एप्रिलमध्ये मोटार अपघातात ब्राउन गेला. वय ३२. पुढे सगळं श्रेय विल्सच्या खात्यात जमा झालं त्याला हेही एक कारण आहे. या प्रकाराचा पाया कोणी घातला असं मला विचाराल तर मी ब्राउनचं नाव घेईन. त्यावर इमारत मात्र विल्सने उभारली.

विल्सला ओडॅनियलने १९३३मध्ये कामावरून काढलं. दारू पिऊन कार्यक्रम बुडवणं, हे कारण. ओडॅनियलने नंतर कोर्टातही खेचलं, पण हरला. विल्स आपला बँड घेऊन १९३४मध्ये ओक्लाहोमातल्या टल्साला गेला. केव्हीओओ रेडिओवर दुपारचा कार्यक्रम आणि केन्स बॉलरूममध्ये रात्रीचे नाच, असं त्याच्या ‘टेक्सस प्लेबॉइज’चं बस्तान बसलं. दुपारी रेडिओवर ऐकायचं आणि रात्री हॉलवर जायचं, हा त्या मुलखाचा रिवाज झाला. विल्सने बँडमध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोन घेतले, आणि १९३५मध्ये ड्रमवर स्मोकी डेकस. फिडलच्या बँडमध्ये ड्रम ही तेव्हा जवळजवळ शिवीच होती. विल्सला नाचणाऱ्यांच्या पायांत बसेल असा ठेका हवा होता.

त्याच वर्षी डॅलसला प्लेबॉइजचं पहिलं रेकॉर्डिंग. निर्माता आर्ट सॅदर्लीला दोन गोष्टी खटकल्या: फिडलच्या बँडमध्ये ही फुंकायची वाद्यं कशाला, आणि गाणं चालू असताना हा माणूस मध्येच ओरडतो का? विल्सने सामान आवरायची तयारी दाखवली तेव्हा सॅदर्ली नमला. ते ओरडणं म्हणजे उंच, बारीक सुरातलं ‘आऽहा!’. बैठकीत गवई स्वतःच तबलजीला दाद देतो ना, तसं. विल्स फिडलच्या कमानीचं (गजाचं) टोक एखाद्या वादकाकडे करायचा, नाव घेऊन हाक मारायचा, आणि त्याने तिथल्या तिथे उपज करायची. पुढची कमान कोणाकडे वळेल ते कोणालाच माहीत नसायचं. जॅझशी याचं खरं नातं मला इथे दिसतं, वाद्यांच्या यादीत नाही.

एक गोष्ट इथले चाहतेही हळू आवाजात बोलतात. ब्लूज आणि जॅझ उचललं कृष्णवर्णीयांकडून, पण बँड गोऱ्यांचे आणि हॉलही गोऱ्यांचे. वर्णभेदाच्या कायद्यांचा तो काळ. विल्सच्या टल्सावरच्या गाजलेल्या गाण्यात कापूस वेचणारा कोण आणि पैसा खाणारा कोण, हे १९४१च्या रेकॉर्डमध्ये कृष्णवर्णीयांसाठीचा हिणकस शब्द वापरून सांगितलंय. नंतरच्या गायकांनी तिथे ‘गरीब’ आणि ‘श्रीमंत’ असा बदल केला. बदल योग्यच होता. पण मूळ ओळीत, तिच्या त्या घाणेरड्या शब्दासकट, त्या मुलखाचा हिशेब जास्त खरा मांडला गेला होता, असं मला वाटतं.

महायुद्धाच्या काळात टेक्सस-ओक्लाहोमातली माणसं कामासाठी कॅलिफोर्नियाला गेली आणि त्यांच्यामागे हे संगीतही गेलं. ‘वेस्टर्न स्विंग’ हे नाव रुळलं ते तिथे, १९४०च्या दशकात, स्पेड कूली या बँडवाल्याच्या जाहिरातींमधून. (कूलीने १९६१मध्ये बायकोचा खून केला आणि तो तुरुंगात गेला. त्याच्याबद्दल एवढं पुरे.)

मग उतरण. १९४४मध्ये अमेरिकी सरकारने नाचगाण्याच्या जागांवर ३० टक्के कर लावला. काही महिन्यांत तो २० टक्क्यांवर आणला, तरी मोठे बँड परवडेनात. पुढे टेलिव्हिजनमुळे लोक शनिवारी घरी बसायला लागले. आणि तरुणांना नाचायला चार-पाच माणसांचा रॉक अँड रोल पुरला. गंमत म्हणजे रॉक अँड रोलचा पहिला मोठा तारा बिल हेली सुरुवातीला वेस्टर्न स्विंगच वाजवायचा.

आता तुमचा दुसरा प्रश्न. १९७०मध्ये मर्ल हॅगर्ड या मोठ्या कंट्री गायकाने विल्सच्या गाण्यांचा अख्खा अल्बम काढला, आणि त्यासाठी स्वतः फिडल शिकला. त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉ पॉ नावाच्या खेड्यात काही लांब केसांची पोरं ‘अस्लीप ॲट द व्हील’ सुरू करत होती. म्होरक्या रे बेन्सन, साडेसहा फूट उंच, फिलाडेल्फियाच्या ज्यू घरातला. स्टील गिटारवर लकी ओशन्स. म्हणजे वारसा म्हणून हे त्यांना मिळालेलं नव्हतंच. रेकॉर्डी ऐकून मिळवलेलं होतं. ते आधी कॅलिफोर्नियाला गेले, आणि विली नेल्सन या कंट्री गायकाच्या आग्रहावरून १९७४मध्ये ऑस्टिनला येऊन स्थिरावले.

डिसेंबर १९७३मध्ये डॅलसला विल्स आणि जुने प्लेबॉइज शेवटच्या रेकॉर्डिंगसाठी जमले. विल्स पक्षाघातामुळे चाकाच्या खुर्चीत. बेन्सन आणि मंडळी तिथे पोचली, ओझरती भेट झाली. विल्स थकलेला होता, म्हणून उद्या बोलू असं ठरलं. त्या रात्री त्याला पुन्हा झटका आला आणि तो कधीच नीट शुद्धीवर आला नाही. मे १९७५मध्ये गेला. बेन्सनने पुढे या न झालेल्या गप्पांवर एक संगीत नाटकच लिहिलं.

नक्कल आहे का? सुरुवातीला होती, आणि नक्कल केल्याशिवाय ही भाषा तोंडात बसतही नाही. पण या बँडला १९७८ सालचं ग्रॅमी मिळालं ते काउंट बेसीच्या चालीसाठी, विल्सच्या नव्हे. त्यांनी विल्सची गाणी उचलली तशी नव्या चाली ओढून घ्यायची त्याची सवयही उचलली. बँडमधून आजवर कित्येक वादक येऊन गेले, आणि दर काही वर्षांनी एखादं विशीतलं पोर फिडल घेऊन तिथे उभं दिसतं. माझी तक्रार एकच: विल्सला मानवंदना देणारे त्यांचे पाहुण्या गायकांचे अल्बम फार गुळगुळीत आहेत. १९७०च्या दशकातले अल्बम ऐका, त्यांत धार आहे. आणि जमलं तर त्यांना नाचाच्या हॉलमध्येच ऐका. खुर्च्या मांडलेल्या नाट्यगृहात मला ते अर्धेच वाटले. नाचणारी जोडपी समोर असली की ठेका सुटत नाही आणि गाणी लांबतात.

ऑस्टिनमधलाच ‘हॉट क्लब ऑफ काउटाउन’ हा बँडही ऐका. तिघंच जण: फिडल, गिटार, बास. ते विल्स आणि पॅरिसचा जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट एका ताटात वाढतात.

सुरुवात मात्र विल्सच्या ‘टिफनी ट्रान्स्क्रिप्शन्स’पासून करा. १९४६-४७मध्ये कॅलिफोर्नियात रेडिओसाठी केलेली ही रेकॉर्डिंग्ज. तीन मिनिटांच्या तबकडीचं बंधन नसल्याने वादकांना मोकळं रान मिळालंय. ज्युनियर बर्नार्डची खरखरीत, फाटलेल्या आवाजाची गिटार त्यातच आहे, आणि हे वर्ष १९४६ आहे यावर तुमचा पटकन विश्वास बसणार नाही.