आरामदायी स्प्रिंगा घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या

तुमचा प्रश्न असा आहे की, मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ दांडा) आणि कॉइल स्प्रिंगा असलेली तुमची ऑफ-रोड गाडी रिकामी असताना खड्ड्यांत फार आपटते. त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ‘कम्फर्ट’ स्प्रिंगा घ्याव्यात का, सोबत शॉक ॲब्सॉर्बर (स्प्रिंगचे डोलणे आवरणारे दांडे) बदलावे लागतील का आणि हे काम घरी करता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. स्प्रिंगांबाबत उत्तर ‘होय’ असे आहे, पण ‘कम्फर्ट’ या शब्दावर विसंबून स्प्रिंग मागवू नका. स्प्रिंग ठराविक वजनासाठी बनवलेली असते आणि ते वजन तुमच्या गाडीचे नसेल, तर तीच आरामदायी स्प्रिंग त्रासाचे कारण ठरते.

समजा, मागच्या प्रत्येक स्प्रिंगवर रिकाम्या गाडीचे 500 किलो वजन पेललेले आहे आणि मूळ स्प्रिंगचा कडकपणा, म्हणजे ती एक मिमी दाबायला लागणारे बल, 40 न्यूटन प्रति मिमी आहे. ती स्प्रिंग सुमारे 123 मिमी दबून स्थिर होईल आणि गाडी सेकंदाला साधारण 1.4 वेळा डोलेल. त्या जागी 30 न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग आली, तर दाब सुमारे 164 मिमी होतो आणि डोलणे 1.2 च्या आसपास येते. शरीराला जो मऊपणा जाणवतो तो या फरकातून येतो. आता मागे सामान आणि माणसे मिळून प्रत्येक बाजूला 150 किलो भार वाढला असे धरा. मूळ स्प्रिंग त्याने 37 मिमी बसेल, मऊ स्प्रिंग 49 मिमी बसेल. म्हणजे बंप स्टॉपपर्यंतचे (ॲक्सलची वरची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यापर्यंतचे) अंतर 12 मिमीने अधिक घटते, आणि बंप स्टॉपवर ॲक्सल आदळला की जो दणका बसतो तो कोणत्याही कडक स्प्रिंगपेक्षा वाईट असतो. म्हणून नेहमीचा भार भरून गाडी वजनकाट्यावर न्या, पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला, आणि मागच्या आकड्यातून ॲक्सल व चाकांचे वजन वजा करूनच विक्रेत्याशी बोला. जो विक्रेता तुमचा आकडा न विचारता स्प्रिंग देतो, त्याच्याकडून मी स्वतः घेणार नाही.

भार सतत बदलत असेल, तर टप्प्याटप्प्याने कडक होणारी, म्हणजे एका टोकाला जवळजवळ वेटोळे असलेली स्प्रिंग बरी पडते. तिची जवळची वेटोळी रिकाम्या गाडीत काम करतात आणि भार आला की एकमेकांना टेकून पुढचा भाग कामाला लावतात. मात्र काही स्प्रिंगा गाडी 30 ते 40 मिमी उचलतात. शॉकची लांबी तीच राहते, त्यामुळे चाक खाली जाण्यासाठी उरलेली चाल तेवढ्याने कमी होते. आराम हवा असेल तर मूळ उंचीच्या स्प्रिंगा घ्या.

शॉकच्या बाबतीत लोकांचा अंदाज बहुधा उलटा असतो. स्प्रिंग मऊ केली तर चांगल्या स्थितीतला मूळ शॉक तिला पुरतो, उलट तुलनेने थोडा जास्तच आवर घालतो. स्प्रिंग कडक केली तर तो अपुरा पडतो आणि गाडी खड्ड्यानंतर डोलत राहते. तुमचे शॉक तेल गाळत नसतील तर आत्ता बदलू नका. त्याआधी टायरमधील हवाही तपासा, कारण हवा जास्त असेल तर बारीक खरखर कोणतीही स्प्रिंग थांबवू शकत नाही.

कामाकडे वळू. समतल जागी गाडी उभी करून हबच्या मध्यापासून चाकावरच्या कमानीच्या काठापर्यंतचे अंतर चारही चाकांना मोजून लिहून ठेवा. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतो आणि तीच चाके उचलायची आहेत, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणीचे ठोकळे लावा. स्टँड ॲक्सलखाली नव्हे, चासीखाली लावा. ॲक्सल जॅकवर पेललेला राहू द्या. शॉकचा खालचा बोल्ट आणि अँटिरोल बारच्या (वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडा, ब्रेक नळी आणि एबीएसची वायर ताणली जाते का ते पाहत जॅक हळूहळू उतरवा, म्हणजे स्प्रिंग हाताने निघेल. जुन्या स्प्रिंगचे टोक खालच्या कपातील खाचेत कोणत्या दिशेला बसले होते ते आधीच रंगाने खुणा करून ठेवा. डावी आणि उजवी स्प्रिंग वेगळी असू शकते, त्यामुळे तिच्यावरच्या रंगाच्या पट्ट्या जुळवून पाहा. वरचे रबर फाटले असेल तर ते नवे घाला. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेले भाग) असतील तर तेथील काम घरी करू नका, कारण दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव घेऊ शकते.

एक चूक माझ्या हातून झाली, ती तुम्ही टाळावी म्हणून सांगतो. नव्या स्प्रिंगा बसवल्यावर ॲक्सल हवेत लटकत असतानाच मी लिंक आणि पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बोल्ट पूर्ण कसले. बुशचे, म्हणजे या जोडांतल्या रबरी नळकांड्याचे, रबर आतल्या नळीला चिकटवलेले असते. ते त्या लटकत्या स्थितीत पकडले गेले आणि गाडी जमिनीवर येताच कायमचे पिळलेले राहिले. काही महिन्यांत रबर फाटून निघाले आणि त्याआधी गाडी विचित्र उंच राहिल्याने मी स्प्रिंगलाच दोष देत बसलो होतो. म्हणून सैल केलेला असा प्रत्येक बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच, आणि एकदा पुढे-मागे ढकलून बसू दिल्यावरच, टॉर्क रेंचने उत्पादकाच्या आकड्यापर्यंत कसा.

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर तीच अंतरे पुन्हा मोजा, कारण स्प्रिंग थोडी बसते. मग चाकांची अलाइनमेंट आणि दिव्यांचा झोत तपासा. मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला, भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची सेटिंगही पाहून घ्या, कारण उंची बदलली की तो मागच्या ब्रेकला चुकीचा दाब देतो. वजनाचे दोन्ही आकडे आणि आत्ताची चार अंतरे मला कळवली, तर तुमच्या गाडीला किती कडकपणा योग्य आहे ते मी काढून देईन.