पुस्तक मिटलं, पण लेक गर्दीतच उभी राहिली

"इतक्या लहान वयात हे दाखवायलाच नको होतं ना, मॅडम?" न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉलवर बोलणाऱ्या आईचा हा पहिलाच प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) सात वर्षांच्या लेकीने शाळेतून रूबी ब्रिजेसचं चित्रपुस्तक आणलं होतं. १४ नोव्हेंबर १९६०, न्यू ऑर्लिन्स. गोऱ्या मुलांच्या शाळेकडे निघालेली सहा वर्षांची काळी मुलगी, सोबत संरक्षणासाठी सरकारी मार्शल (केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी) आणि समोर तिच्यावर ओरडणारी मोठी माणसं. त्या पानावर लेक रडायला लागली. आईने पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं. तेव्हापासून पोर रात्री दचकून उठत होती.

"पुढची पानं वाचलीत?" नव्हती वाचली.

मला वाटतं, चुकलं ते इथे. गर्दीनंतर काय झालं, हे तिला कळलंच नव्हतं. मी म्हटलं, दिवसाउजेडी तिला मांडीवर घेऊन वाचा, ओळींवर बोट तिला ठेवू द्या, विचारेल तेवढंच सांगा. आणि नियम रूबीच्या बाजूने होता, हे नक्की सांगा. गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच दिला होता. सात वर्षांच्या मुलांना नियम कुणाच्या बाजूने आहे, याने फार धीर येतो.

लेकीने विचारलं, "वर्गात तिच्यासोबत कोण होतं?" गोऱ्या पालकांनी मुलं काढून घेतल्यामुळे वर्षभर त्या वर्गात दोघीच: रूबी आणि बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्रीबाई. ते पान तिने पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. आठवड्याभरात झोप सुधारली. (सुधारली नसती, तर मी तिला तिकडच्याच बालसमुपदेशकाकडे पाठवलं असतं.)

पुढच्या कॉलला आई अस्वस्थ होती. "तिने विचारलं, भारतात अशा शाळा होत्या का? मी पटकन नाही म्हटलं." थोडं थांबून म्हणाली, "आमच्या आजोळी काही माणसांसाठी वेगळा कप असायचा."

मी म्हटलं, उत्तर बदला, आजच. बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेबद्दल स्वतः लिहून ठेवलंय: वर्गाच्या कोपऱ्यात वेगळं बसायचं, घरून आणलेल्या गोणपाटावर. नळाला हात लावायचा नाही, शिपाई उघडेल तेव्हाच पाणी.

त्या रात्री तिने लेकीला सांगितलं.

"आणि शिपाई नसेल त्या दिवशी?"

"त्या दिवशी पाणी नाही," आई म्हणाली.