पासाऊ ते व्हिएन्ना, दहा वर्षांची मुलगी आणि तंबू: रोज किती किलोमीटर?

तुम्ही विचारलंय की दहा वर्षांच्या लेकीला घेऊन डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सायकलने जायचं, मुक्काम तंबूत, हाताशी आठ दिवस. रोज चाळीस किलोमीटर तिला झेपतील का? झेपतील. पण आठ दिवसांत हा प्रवास करू नका. मी माझ्या मुलाला घेऊन हाच रस्ता केला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आम्हाला बारा दिवस लागले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असं मला वाटत नाही.

आधी रस्त्याबद्दल. हा युरोव्हेलो ६ या अटलांटिक ते काळा समुद्र अशा लांब सायकलमार्गाचा तुकडा आहे, साधारण सव्वातीनशे किलोमीटरचा. नदीच्या प्रवाहाबरोबर जायचं असल्याने चढ जवळजवळ नाहीतच. वाराही बहुतेक वेळा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीमागून येतो. बऱ्याच भागात दोन्ही काठांना सायकलचा रस्ता आहे. पलीकडे जायला पूल आहेत, वीज प्रकल्पांच्या बंधाऱ्यांवरून जाता येतं, आणि मध्ये मध्ये छोट्या बोटी माणसांना सायकलींसकट पलीकडे नेतात. मुलाबरोबरच्या पहिल्या मोठ्या प्रवासाला याहून चांगला रस्ता मला माहीत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. पहिल्या दिवशी आम्ही श्ल्योगेन या गावापर्यंत गेलो. तिथे नदी डोंगराला अडून जवळजवळ उलटी वळते. दुसऱ्या दिवशी मी लिंझ शहर गाठायचं ठरवलं होतं, पंचावन्नच्या आसपास किलोमीटर. मुलगा वाटेत चार वेळा थांबूया म्हणाला: एकदा मालवाहू जहाज बघायला, एकदा पाण्यात दगड मारायला, दोनदा बोटीत बसायला. चारही वेळा मी "पुढे थांबू" म्हटलं. संध्याकाळी तंबू लावताना तो रडायला लागला. पाय दुखताहेत का विचारलं तर नाही म्हणाला. "आपण काहीच बघितलं नाही," एवढंच बोलला. त्या रात्री मी पुढच्या सगळ्या दिवसांचे आकडे खोडले.

त्यानंतर आमचा नियम एकच होता: दुपारी तीनला, जिथे असू तिथल्या जवळच्या कॅम्पिंगवर, म्हणजे तंबू लावायच्या ठरलेल्या जागेवर, थांबायचं. कधी पंचवीस किलोमीटर झाले, कधी पंचेचाळीस. उन्हाळ्यात तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे तीननंतर अख्खा दुसरा दिवस हातात उरतो. तंबू लावणं, कपडे पिळून वाळत घालणं, शेजारच्या तंबूतल्या मुलांबरोबर भाषा येत नसताना चेंडू खेळणं, हे सगळं त्या वेळात झालं. मुलाला आज विचारलं तर तो रस्त्याबद्दल कमी आणि या संध्याकाळींबद्दल जास्त बोलतो. म्हणून तुमच्या आखणीत किलोमीटर लिहू नका, थांबायची वेळ लिहा. लेकीच्या पायांत थोडं बळ शिल्लक असतानाच थांबा, म्हणजे सकाळी ती आपणहून सायकलवर बसेल.

सायकलच्या रस्त्यावर तिला पुढे ठेवा आणि तुम्ही मागे रहा; वेग तिचाच राहू दे. गाड्यांचा रस्ता लागला की तुम्ही तिच्या मागे, पण थोडे गाड्यांच्या बाजूला. तिथे उजवीकडून चालवायचं असतं. पहिले दोन दिवस वळताना मुलं सवयीने डावीकडे जातात, तेव्हा प्रत्येक वळणाआधी मोठ्याने "उजव्या बाजूने" म्हणा. आरसा डाव्या हँडलला लावा. ऑस्ट्रियात बारा वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्यानेच सक्तीचं आहे. तिच्या सायकलवर तिची स्लीपिंग बॅग आणि कपडे, एवढंच सामान द्या. पण एक काम मात्र पूर्ण तिचं असू दे. माझ्या मुलाकडे नकाशा होता. कुठल्या काठाने जायचं आणि कुठे पलीकडे जायचं हे तो ठरवायचा, आणि दोनदा चुकला तेव्हाही मी गप्प राहिले.

खाण्याचं नियोजन मात्र कडक ठेवा. रविवारी ऑस्ट्रियात बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनवरच्या एखाद्या दुकानासारखे अपवाद सोडले तर फारसं काही मिळत नाही. आमचा पहिला रविवार अर्ध्या पावावर आणि दोन केळ्यांवर निघाला, तोही उपाहारगृह नसलेल्या टापूत. शनिवारीच दोन दिवसांचं घेऊन ठेवा. स्टोव्हचं गॅसचं डबडं विमानात चालत नाही, तिथे पोचल्यावरच घ्यावं लागतं.

जंगलात मालकाच्या परवानगीशिवाय तंबू लावणं तिथे बेकायदा आहे, त्यामुळे कॅम्पिंगच धरा. आम्हाला आयत्या वेळी जागा दर वेळी मिळाली. नदीत मात्र पोहू देऊ नका. वरून शांत दिसली तरी ओढ जबरदस्त आहे, आणि जहाज गेल्यावर काठाचं पाणी आधी मागे खेचलं जातं, मग लाट येते.

वाटेत माउटहाउझेन लागतं. १९३८ ते १९४५ या काळात तिथे नाझींची छळछावणी होती, आज स्मारक आहे. मी मुलाला आत नेलं नाही, पण ते गाव मागे पडेपर्यंत सायकली हातात धरून चाललो आणि काय घडलं ते त्याला समजेल इतकं सांगितलं. तुमच्या लेकीला किती सांगायचं ते तुम्हीच ठरवा, पण न बोलता पुढे जाऊ नका.

मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊ नावाच्या खोऱ्याचा पट्टा जेमतेम छत्तीस किलोमीटरचा आहे. त्याला दोन दिवस द्या. द्राक्षमळ्यांमधून रस्ता जातो, जुलैत जर्दाळू मिळतात. याच पट्ट्यातल्या ड्युर्नस्टाइन गावाच्या वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. आमच्या अख्ख्या प्रवासातला सगळ्यात मोठा चढ तो, आणि मुलगा तो धावत चढला.

आठच दिवस असतील तर लिंझपासून सुरुवात करा किंवा मधला तुकडा रेल्वेने करा. लिंझ, मेल्क, क्रेम्स, टुल्न इथे सगळीकडे स्टेशन आहे. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलचं आरक्षण आधी करावं लागतं.

व्हिसाचा अर्ज ऑस्ट्रियाकडे करा. पासाऊ जर्मनीत असलं तरी जास्त रात्री ऑस्ट्रियात जाणार आहेत. तुम्ही दोघीच जाणार असाल तर वडिलांचं संमतीपत्र लागेल, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा. राहण्याचा पुरावा म्हणून आम्ही पहिल्या आणि शेवटच्या मुक्कामाचं आरक्षण आणि मधल्या दिवसांचं गाववार वेळापत्रक जोडलं होतं. ते वेळापत्रक फक्त अर्जासाठी होतं. सायकलवर बसल्यावर मी ते बॅगेतून बाहेर काढलं नाही.